साठ वजा

मी एक जुनी, पाऱ्याची, रक्तदाब मोजणारी मशीन आहे. लोखंडी डबा, आत काचेची उभी नळी, एक कापडी पट्टा आणि एक रबरी फुगा, एवढाच माझा संसार. मित्रांनो, आपली गोष्ट सांगणाऱ्या वस्तू बहुधा गरीब स्वभावाच्या असतात. त्या झिजतात, गंजतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मी तशी नाही. माझ्या मनात राग आहे. तो मी चार वर्षे जपून ठेवला आणि आज तुमच्यासमोर काढते आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. ज्या माणसाने माझ्या नळीत पारा भरला, त्याने मला तीन दिवस टेबलावर ठेवून तपासले. पारा शून्यावर नीट उभा राहतो हे पाहूनच त्याने माझ्या डब्याचे झाकण लावले. जे असेल तेच दाखवायचे, हे माझे काम मला तेव्हाच कळले. त्याला आता पस्तीस वर्षे झाली. एकदाही मी त्यात कसूर केली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मला खोटारडी ठरवले गेले.

नागपुरात महाल भागातल्या एका डॉक्टरांनी मला विकत घेतले. त्यांच्याकडे वामनराव नावाचे कंपाउंडर होते. तरुण, नीटनेटके आणि कामाला चोख. सकाळी दवाखाना उघडला की ते मला मऊ फडक्याने पुसत. डॉक्टरांची एक शिस्त होती. रोगी यायच्या आधी माझी परीक्षा व्हायची, आणि ती अशा माणसाच्या हातावर, ज्याचा दाब आधीच माहीत आहे. एकदा वामनरावांची नवी नवरी त्यांचा डबा घेऊन आली, तेव्हा डॉक्टरांनी गमतीने तिच्या हाताला पट्टा बांधला. एकशेवीस-ऐंशी. "वामन, हा तर पुस्तकातला आकडा आहे," डॉक्टर म्हणाले. त्या मुलीचे नाव सिंधू. वामनरावांनी तो आकडा जन्मभरासाठी मनात धरून ठेवला.

दोन वर्षांनी तीच सिंधू पुन्हा माझ्यासमोर बसली. पोटात बाळ होते, पाय सुजले होते आणि माझा पारा एकशेसाठवर होता. डॉक्टर काळजीत पडले. बाळंतपण आधीच करावे लागले. अमोल झाला, आकडा उतरला आणि सगळे ते विसरून गेले. गरोदरपणी जिचा दाब वाढतो, तिच्या हृदयावर पुढे जन्मभर नजर ठेवायची असते. डॉक्टरांनी हे सांगितले होते. वामनरावांनी मानही हलवली होती.

पुढे डॉक्टर थकले आणि त्यांनी दवाखाना बंद केला. जाताना त्यांनी मला वामनरावांच्या हवाली केले. तो माझ्या मानाचा काळ होता. वामनरावांच्या घराला रस्त्याकडे एक ओटा आहे. सकाळी फिरून येणारी चार-पाच माणसे तिथे बसायची, सिंधूताईंच्या हातचा चहा प्यायची आणि एकेक करून माझ्यापुढे हात ठेवायची. वामनराव कानात नळ्या घालून गंभीर चेहऱ्याने आकडा सांगायचे. गल्लीत त्यांना लोक अर्धे डॉक्टर म्हणत. मलाही ते ऐकून बरे वाटे.

बायकांचे हात मात्र माझ्यापुढे येत नसत. शेजारच्या जिजाबाईंनी एकदा विचारले होते, "भाऊजी, माझंही पाहाना. जिना चढली का छाती भरून येते." वामनराव हसले. "बाईले कायचं प्रेशर वं? घरीच त राहता तुम्ही." जिजाबाई ओशाळून निघून गेल्या.

एकाच बाईचा हात रोज यायचा, सिंधूताईंचा. तोही त्यांच्यासाठी नव्हे. वामनरावांनी डॉक्टरांची शिस्त सोडली नव्हती. माणसे यायच्या आधी ते हाक मारत, "अवं, हात दे." सिंधूताई पदराला हात पुसत बाहेर येत. पट्टा बांधला जाई. एकशेवीस आले की मशीन ठीक. मग त्या पुन्हा आत जात. त्या कशा आहेत हे त्यात कोणी पाहत नव्हते. मी कशी आहे, एवढेच पाहिले जात होते.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी मी त्यांच्या हातावर एकशेपन्नास दाखवले.

वामनरावांनी पुन्हा हवा भरली. एकशेपन्नास. त्यांनी माझा फुगा दाबून पाहिला, नळीवर टिचकी मारली आणि मान हलवली. "मशीन बिघडली. तीस जास्त दाखवून राहिली." सिंधूताईंनी विचारलेसुद्धा, "माझंच तर वाढलं नसंन जी? डोकं दुखते आजकाल." ते म्हणाले, "तुह्यं एकशेवीस-ऐंशी आहे. डॉक्टरसाहेबानं स्वतः मोजलं होतं." डॉक्टरांनी मोजले तेव्हा ही बाई एकोणीस वर्षांची होती. आता तिची पाळीही थांबली होती. त्या वयानंतर बायकांचे हृदय पुरुषांइतकेच धोक्यात येते. पण कंपाउंडरच्या डोक्यात घड्याळ तिथेच थांबले होते.

तरी ते मला बर्डीच्या बाजारात एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले, हे खरे. त्याने मला स्वतःच्या हातावर लावले, मग दुसरी मशीन लावली आणि दोन्ही आकडे सारखेच आले. तो म्हणाला, "काका, मशीन एकदम बढिया आहे. ज्याच्या हातावर जास्त दाखवते ना, त्याले दाखवा डॉक्टरले."

"माझ्या बायकोचा हात आहे तो," वामनराव तडकून म्हणाले. "तिले काय होते? पहाटे चार वाजता उठून पाणी भरते ते."

त्यांनी मला काखेत मारले आणि घरी आणले. दुरुस्तीवाला काय म्हणाला, ते घरी कोणाला सांगितले नाही. मलमपट्टीची एक पांढरी चिकटपट्टी कापून त्यांनी माझ्या झाकणाला लावली आणि तिच्यावर निळ्या शाईने लिहिले, '३० वजा'. आता जो आकडा मी दाखवीन, त्यातून तीस कमी करून माणसांना सांगायचे.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी त्याला अहो-जाहो करणे सोडले. ज्याने खरे बोलणाऱ्याच्या तोंडावर पट्टी चिकटवली, त्याला कसला मान द्यायचा? मी ठरवले, याची जिरवायची. सगळ्या ओट्यासमोर जिरवायची.

माझ्या हातात तरी काय होते? मला ओरडता येत नाही, चावता येत नाही. मला फक्त खरा आकडा दाखवता येतो. तो मी दाखवत राहिले.

पहिली गंमत तर लगेच झाली. वामनने स्वतःचा दाब मोजला. एकशेसव्वीस, म्हणजे चांगला ठणठणीत. त्यातून तीस गेले आणि उरले शहाण्णव. तो घाबरला. "माझं लो झालं," त्याने जाहीर केले. तेव्हापासून तो दुपारी कूलरसमोर आडवा होऊ लागला आणि उठताना भिंत धरू लागला. ताकात मीठ, लिंबूपाण्यात मीठ, जेवताना दोन पापड आणि लोणच्याचा खार. वरणात मीठ कमी वाटले तर तो ताट सरकवायचा. धडधाकट माणूस आजारी होऊन बसलेला पाहून मी मनातल्या मनात खूप हसले.

माझे ते हसू फार दिवस टिकले नाही. घरात स्वयंपाक एकच होतो. ते खारट वरण सगळ्यांच्या मागून सिंधूताई खात होत्या, आणि भाजी संपली असेल तर लोणच्याशी पोळी. तो मीठ वाढवत होता आणि दाब त्यांचा वाढत होता. वर्षभरात त्यांच्या हातावर एकशेसत्तर आले. वामनने जुनी पट्टी काढून नवी लावली, '५० वजा'. म्हणजे त्याचा स्वतःचा आकडा आणखी खाली गेला, आणि वरणात आणखी मीठ पडले.

ओट्यावर बळीराम पेंटर यायचा. त्याला रक्तदाबाची गोळी होती. वामनने वजाबाकी करून त्याला सांगितले, "एकशेतीस आहे गा तुह्यं. गोळी कायले खातं?" बळीरामने गोळी सोडली. मी ऐकत होते. मला वाईट वाटले असे म्हणणार नाही. मी मनात म्हटले, होऊ दे, जितकी माणसे फसतील तितकी याची फजिती मोठी.

आणि एक गोष्ट सांगते, जी सांगताना मला लाज वाटते. काही सकाळी पट्टा सिंधूताईंच्या दंडाला असताना मी मनात म्हणायची, हिला एकदा काहीतरी होऊ दे. हिला झाले की माझे खरे ठरेल. ती बाई रोज माझ्यासमोर हात ठेवत होती. तिला सारखी तहान लागायची, टाचेची जखम दोन महिने भरत नव्हती, पाण्याची बादली उचलली की धाप लागायची. मला सगळे कळत होते आणि मी माझ्या अपमानाचा विचार करत होते.

या उन्हाळ्यात तिचा आकडा एकशेचौऱ्याऐंशी झाला. पट्टीवर आले, '६० वजा'.

आता श्वेताबद्दल सांगते. श्वेता म्हणजे अमोलची बायको, सिंधूताईंची सून. अमोल उमरेडला खाणीत कामाला आहे, सुट्टीला येतो. श्वेता हिंगण्याला कारखान्यात जाते. मे महिन्यात तिच्या कंपनीत सगळ्या कामगारांची तपासणी झाली. संध्याकाळी बसमधून उतरून ती घरी आली तेव्हा मी ओट्यावर उघडीच होते. "बाबा, माझं कंपनीत एकशेबारा आलं. तुमच्या मशीनवर पाहू किती येते," ती म्हणाली. वामनने मोजले. मी एकशेबारा दाखवले. त्याने साठ वजा केले आणि म्हणाला, "बावन्न."

श्वेता आधी हसली. "बावन्न म्हणजे मी इथं उभी तरी कशी आहे बाबा?"

"बाईचं असंच राहते," वामन म्हणाला आणि झाकण लावले.

श्वेताचे हसू थांबले. ती त्या पट्टीकडे पाहत राहिली. मग आत जाऊन तिने सासूला विचारले, "आई, रोज तुमच्या हातावर किती येते?" सिंधूताईंना ठाऊक नव्हते. चार वर्षांत त्यांना आकडा कोणी सांगितलाच नव्हता. श्वेता म्हणाली, "रविवारी माझी सुट्टी आहे. आपण डॉक्टरकडे जाऊ." तो दिवस गुरुवार होता. मला वाटले, आले, माझे दिवस आले. रविवारी या कंपाउंडरचे तोंड पाहण्यासारखे होईल.

शनिवारी सकाळी सात वाजताच ऊन चटके देत होते. ओट्यावर माणसे जमली होती. सिंधूताई चहाचा ट्रे घेऊन आल्या तेव्हा कप वाजत होते. कपाळावर, ओठावर घाम होता. त्यांनी हात पुढे केला आणि हळूच म्हणाल्या, "पाठ भरून आली जी पहाटेपासून. जबडाही दुखून राहिला. दोनदा उलटी झाली."

"ऊन लागलं तुले," वामन म्हणाला. "काल दिवसभर गच्चीवर कुरडया वाळवाले कोणं सांगितलं होतं?"

त्याने हवा भरली आणि सोडली. पारा उतरू लागला. एकशेऐंशी गेले, एकशेसाठ गेले, एकशेचाळीस गेले. मी थांबले एकशेअठरावर.

वामनने पुन्हा मोजले. एकशेअठरा. त्याचा चेहरा उजळला. "सुधरली गा," तो ओट्याला म्हणाला. "चार वर्षांनी मशीन सुधरली आपली." त्याने नखाने पट्टी उचकटली आणि चुरगळून रस्त्यावर टाकली. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, ज्या दिवसाची मी चार वर्षे वाट पाहिली, तो असा आला. मी खरी ठरले, आणि तेही त्याच्याच तोंडून. आणि त्याच क्षणी मला ओरडता येत नाही याचा मला पहिल्यांदा संताप आला. काल एकशेचौऱ्याऐंशी असलेला दाब आज एकशेअठरा होत नाही. तो उतरला नव्हता, कोसळला होता. हृदयाला रक्त ढकलणे जमत नव्हते. पुरुषाच्या छातीत कळ येते, तो छाती धरतो, सगळे धावतात. बाईला पुष्कळदा पाठ दुखते, जबडा दुखतो, मळमळते, घाम फुटतो, आणि ती चहा घेऊन बाहेर येते.

सिंधूताई भिंत धरून आत गेल्या. इकडे बळीरामने हात ठेवला. आज वजाबाकी नव्हती. "एकशेब्याऐंशी," वामन म्हणाला आणि स्वतःच थबकला.

"कालच त एकशेबावीस होतं," बळीराम म्हणाला. "एका रात्रीत काय झालं मले?"

उत्तर यायच्या आतच श्वेता दारात आली. "बाबा, आई खाली बसल्या आहेत. अंग थंडगार पडलं आहे. दवाखान्यात न्यावं लागते."

"आत्ताच पाह्यलं मी," वामन म्हणाला. "एकशेअठरा आहे. एवढं चांगलं तिचं कधी आलंच नाही. पन्हं दे, मीठ घालून."

"काल किती होतं?"

"काल मशीन बिघडली होती."

श्वेताचा आवाज चढला नाही. "मशीन कालही बरोबर होती बाबा. परवा माझ्या हातावर तिनं कंपनीचाच आकडा दाखवला. काल आईंचं किती होतं ते सांगा."

"एकशेचौऱ्याऐंशी," वामन म्हणाला. स्वतःच्या तोंडून तो आकडा त्याने पहिल्यांदा ऐकला. बळीराम चप्पल न घालताच ऑटो आणायला धावला. सिंधूताईंना उचलून नेताना त्यांचा हात माझ्या डब्याला लागला आणि मी ओट्यावरून खाली पडले. नळी फुटली नाही. तिथेच धुळीत मी दुपारपर्यंत पडून होते.

त्या वाचल्या. तासभर उशीर झाला असता तर वाचल्या नसत्या, असे दवाखान्यात म्हणाले. हृदयाचा एक भाग कायमचा कामातून गेला होता. रक्तातली साखर तीनशेवर निघाली. ती किती वर्षांपासून होती कोणास ठाऊक. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "बाळंतपणात दाब वाढला होता का?" सिंधूताईंनी खाटेवरूनच सांगितले, "अमोलच्या वेळी. यायले माहीत आहे." वामन जमिनीकडे पाहत उभा होता. हे सारे श्वेता घरी येऊन शेजारच्या बायकांना सांगत होती, तेव्हा मी ऐकले.

बळीराम ओट्यावर एकदाच आला. "तुम्ही माझी गोळी बंद केली होती," एवढेच म्हणाला आणि निघून गेला. बाकीची माणसेही यायची बंद झाली. अर्धा डॉक्टर एकटाच ओट्यावर बसू लागला. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही.

आता रविवारी श्वेता मला घेऊन बसते. गल्लीतल्या बायका येतात. जिजाबाईंच्या हातावर एकशेअडुसष्ट आले, तेव्हा त्यांचा नवरा म्हणाला, "मशीन जुनी आहे, जास्त दाखवत असंन." श्वेताने त्याचाच हात ओढून पट्ट्यात घातला. एकशेचोवीस. तो सोमवारी बायकोला डॉक्टरकडे घेऊन गेला. त्या एका मिनिटात मला जे सुख झाले, ते मानाच्या सगळ्या वर्षांत झाले नव्हते.

पण माझा खरा सूड घरात चालू आहे. वामन रोज सकाळी सिंधूताईंचा दाब मोजतो. गोळ्या लागू पडल्या आहेत, वरणातले मीठ गेले आहे, आकडा सुरेख येतो. आज सकाळी आला एकशेअठरा. त्या शनिवारीही हाच आला होता. तो विचारतो, "जबडा दुखते का? पाठ? मळमळ?" त्या म्हणतात, "काही नाही होऊन राहिलं जी. बरी आहो मी." त्याचा विश्वास बसत नाही. तो त्यांच्या कपाळाला हात लावून घाम आहे का पाहतो, पुन्हा पट्टा बांधतो, पुन्हा हवा भरतो.

मित्रांनो, घरी गेलात की आईचा हात आधी मोजून घ्या, बाबांचा नंतर. साखरही तपासायला लावा. तिच्या बाळंतपणात काय झाले होते ते विचारा आणि लिहून ठेवा. आकडा जास्त आला तर मशीनला नावे ठेवू नका. मी गरीब स्वभावाची नाही, हे मी आधीच सांगितले आहे. वाईट आकडा खोटा म्हणणाऱ्याला मी पुढे चांगला आकडा दाखवते, आणि मग तो त्याला जन्मभर खरा वाटत नाही. सिंधूताईंचा दंड आता लाल झाला आहे. त्या म्हणतात, "पुरे करा जी." वामन तिसऱ्यांदा हवा भरतो आहे.